अपघातात भावाच्या नडगीचं ६ सेंटीमीटर हाड गेलं. मिरजेत उपचार चालू आहेत. थ्रीडी प्रिंटेड हाड बसवता येईल का?

छापतात ते हाड नसतं, हाडासाठीचा मांडव असतो. तासगावच्या द्राक्षबागेत असतो तसा. वेल आपली आपणच चढायची. पॉलिकॅप्रोलॅक्टोन (शरीरात विरणारं प्लॅस्टिक) किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (हाडातल्यासारखं खनिज) यांच्या जाळीत साधारण ३०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठी छिद्रं ठेवतात, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात. हाड भरत जातं, जाळी हळूहळू विरते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनला त्यासाठी २-३ वर्षंही लागतात.

खरी गोम रक्तपुरवठ्यात आहे. एवढ्या मोठ्या पोकळीच्या मध्यापर्यंत रक्त पोचलं नाही, तर मांडव रिकामाच राहतो. आणि जखमेत पू असेल तर हा विषयच नको, आधी संसर्ग जाऊ दे.

माझं मत विचाराल तर डॉक्टरांना आधी इलिझारोव्ह रिंगबद्दल विचारा, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवून तारांनी हाडाला जोडलेल्या कड्या. त्यात हाडाचा एक तुकडा कापून तो पोकळीकडे रोज साधारण १ मिलिमीटर सरकवतात, मागे नवं हाड भरत जातं. कटकटीचं आहे, महिनोन्‌महिने रिंग वागवावी लागते, पण पद्धत कसाला उतरलेली आहे.