पाळक, पाळकीण की धर्मगुरू?

सारा मुलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरूच्या जागी, निवड झाल्याची बातमी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्यावरून एका ताईंनी विचारलं आहे: अँग्लिकन चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चमध्ये, धर्मसेवेची दीक्षा मिळालेल्या बाईंना मराठीत काय म्हणायचं? महिला पुरोहित, पाद्रीण की पाळकीण?

पाळक म्हणा. बाई असल्या तरी पाळकच.

'पाळकीण' नको, कारण आपल्याकडचा 'ईण' प्रत्यय बहुतेक वेळा नवऱ्याच्या कामावरून बायकोला चिकटतो. पाटलाची पाटलीण, सावकाराची सावकारीण. 'मास्तरीण' म्हटलं की शिकवणारी बाई की मास्तरांची बायको, हे मागचंपुढचं वाक्य वाचून ठरवावं लागतं. मराठी ख्रिस्ती घरांत 'पाळकीणबाई' म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. संडेस्कूल, महिला मंडळ, आल्यागेल्याचं चहापाणी असं बरंच काही त्यांच्यावर असतं. मानाचाच शब्द आहे, पण त्याचा दीक्षेशी संबंध नाही.

इंग्रजीतही प्रत्ययाने असाच घोळ घातला होता. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बायकांसाठी 'डीकनेस' असं पद होतं. डीकन म्हणजे दीक्षेची पहिली पायरी, प्रीस्टच्या खालची. 'डीकनेस' ऐकायला 'डीकन'चं स्त्रीलिंगी रूप, प्रत्यक्षात डीकनच्या बरोबरीचं नाही. खऱ्या अर्थाने डीकन व्हायला त्यांना १९८७ साल उजाडावं लागलं. मग त्यांना लग्न लावता येऊ लागलं. प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा, विधी चालवणं मात्र प्रीस्टचं, म्हणजे पूर्ण दीक्षा मिळालेल्या पाळकाचं काम, ते दूरच राहिलं. म्हणून पुढे दीक्षा मिळाल्यावर या बायकांनी 'प्रीस्टेस' हा विरोधकांच्या तोंडचा शब्द घेतला नाही. पद तेच, तर शब्दही तोच. मराठीत हे किती सहज जमतं बघा! 'पाळक आले', 'पाळक आल्या'. क्रियापदानेच सगळं सांगितलं. मंत्री, न्यायाधीश, कलेक्टर यांच्या बाबतीत आपण रोज हेच करतो.

'महिला पुरोहित' म्हटलं की मराठी वाचकाला पुण्यात पूजा सांगणाऱ्या, लग्नं लावणाऱ्या स्त्रिया आठवतात. तो शब्द त्यांच्याकडेच राहू द्यावा. 'याजक' हा मराठी बायबलमधला, यरुशलेमच्या मंदिरातल्या यज्ञार्पणांची आठवण करून देणारा. बोलण्यात जड वाटतो. 'धर्मगुरू' वसईच्या कॅथलिकांत चांगला रुळलेला आहे. तिथे ही दीक्षा स्त्रियांना मिळत नाही, पण सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना अँग्लिकन बाईंना धर्मगुरू म्हणायला हरकत नाही.

आता 'दीक्षा' या शब्दाबद्दल, कारण खरी गल्लत तिथे होते. फ्लॉरेन्स ली टिम-ओई या अँग्लिकन परंपरेतल्या पहिल्या स्त्री प्रीस्ट. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँगजवळचं मकाव निर्वासितांनी भरून गेलं होतं आणि प्रभुभोजन द्यायला तिथे प्रीस्ट पोहोचू शकत नव्हता. मंडळीची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाची, सगळी जबाबदारी सांभाळत होत्या त्या लीबाई. हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी त्यांना दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर वरून इतका विरोध झाला की बिशपांची अडचण होऊ नये म्हणून १९४६ मध्ये लीबाईंनी स्वतःहून माघार घेतली. याचं मराठी 'त्यांनी प्रीस्टपद सोडलं' असं केलं, तर त्यांच्यावर मोठा अन्याय होईल. त्यांनी सोडला तो काम करण्याचा परवाना. दीक्षा त्यांनी कधीच परत केली नाही, आणि १९७१ मध्ये हाँगकाँगने दोन स्त्रियांना रीतसर प्रीस्ट केलं तेव्हा लीबाईंची दीक्षाही मान्य झाली. नेमणूक बिशप देतो आणि काढूनही घेऊ शकतो, दीक्षा आयुष्यभराची. म्हणून 'दीक्षा', 'परवाना' आणि 'नेमणूक' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पंचवीस वर्षं ही बाई त्या दीक्षेच्या आधारावर उभी राहिली, हे मला फार मोठं वाटतं.

इंग्लंडमध्ये हा दिवस उजाडला १२ मार्च १९९४ ला. ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये बिशप बॅरी रॉजरसन यांनी ३२ स्त्रियांना प्रीस्टची दीक्षा दिली. आडनावांच्या क्रमाने पहिल्या आल्या अँजेला बर्नर्स-विल्सन. त्या प्रसंगाची जी पाटी तिथे बसवली तिच्यावर नावं होती फक्त पुरुषांची. दीक्षा घेणाऱ्या बायकांची नावं असलेली नवी पाटी २०२२ मध्ये लागली.

तेव्हा १९९४ बद्दल लिहाल तर 'पहिल्या महिला पाळक' असं लिहा. तिथे 'महिला' हवंच, कारण बातमीच ती होती. रविवारच्या उपासनेच्या सूचनेत मात्र 'उपदेश करतील: पाळक अमुक तमुक' एवढं पुरे. नावाआधी 'रेव्हरंड' लावायचं असेल तर तेही बाईंना आणि बुवांना एकच. समोरासमोर हाक मारायला मला 'पाळकबाई' आवडतं. शाळेतल्या बाईंना मारतो तशी, आदराची आणि जवळिकीची.