पहिला थेंब पाहताना

ठाण्याच्या मसुंदा तलावाचं पाणी स्लाईडवर घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंत आणि काहीच दिसलं नाही म्हणता? अहो, सगळ्यांचं तसंच होतं. स्वच्छ पाण्यात फारसं काही नसतंच. काठचं शेवाळ, एखादं कुजकं पान पाण्यासकट बाटलीत घ्या, झाकण सैल ठेवून चार दिवस खिडकीत ठेवा, मग तळच्या गाळातला छोटासा थेंब घ्या.

सुरुवातीच्या चुका:
- थेट ४० पटीच्या भिंगावर उडी. आधी १० पटीचं लावा. पॅरामिशियम हा एकपेशीय जीव साधारण ०.१ ते ०.३ मिमी लांब, तिथेच दिसतो. चपलेच्या तळव्यासारखा, स्वतःभोवती गिरक्या घेत सटकतो.
- उजेड फार. डायफ्रॅम (खालून येणारा उजेड कमी-जास्त करणारी झडप) अर्धा मिटा. अमिबा झगझगाटात पुसलाच जातो.
- रोटिफरला प्रोटिस्ट, म्हणजे अमिबासारखा एकपेशीय जीव, समजणं. डोक्यावर दोन चक्रं फिरल्यासारखी वाटतात ना, तो बहुपेशीय प्राणी. माझ्या पहिल्या वहीत तीन पानं याच चुकीची आहेत!

वर्गीकरणाचं ओझं आत्ता नको. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६मध्ये प्रोटिस्टा नाव दिलं खरं, पण तो एकसंध गट नाही, उरल्यासुरल्यांचं गाठोडं आहे. पॅरामिशियमचं नातं अमिबापेक्षा मलेरिया घडवणाऱ्या प्लाझ्मोडियम या परजीवीशी जवळचं, ऐकून दचकाल! सध्या एवढंच टिपा: हलतो कशाने? युग्लीना या हिरव्या एकपेशीय जीवाला चाबकासारखी शेपटी, पॅरामिशियमला अंगभर केसांसारखे बारीक तंतू, अमिबाला छद्मपाद, म्हणजे अंगातून पुढे काढलेले तात्पुरते पाय. आणि काचेसारख्या कवचातले, सोनेरी-तपकिरी दिसले तर ते डायटम, एकपेशीय शैवाल. आकार, रंग, हालचाल पेन्सिलीने काढा. नाव नंतर शोधू.