निवेदन जास्त, गुऱ्हाळ कमी

प्रश्न : करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी २२ मिनिटांचा माहितीपट केलाय. निवेदन माझंच आहे, संहिता सोबत पाठवतोय. पाहणारे म्हणतात, ‘गुऱ्हाळ कमी, तूच जास्त.’ आनंद पटवर्धनांचा आवाजही त्यांच्या माहितीपटांत येतोच की. मग माझाच का खटकतो?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पटवर्धनही निवेदन करतात, पण लक्षात राहतात ते त्यांचे प्रश्न. कॅमेऱ्यामागून साधा, आखूड प्रश्न येतो आणि समोरचा अडखळला तरी कॅमेरा सुरूच राहतो. ते अडखळणंच बोलकं असतं. दलितांच्या संघर्षावरच्या ‘जय भीम कॉम्रेड’साठी (२०११) त्यांनी १४ वर्षं चित्रीकरण केलं, म्हणून तिथे शाहीर आणि वस्तीतली माणसं स्वतःच बोलतात. उणीव एकच: दिग्दर्शक कोणाच्या बाजूचा हे लवकर कळतं आणि वेगळ्या मताचा प्रेक्षक तिथेच मन मिटून घेतो. ही किंमत आम्हाला रास्त वाटते.

तुमचा आवाज विचारत नाही, समजावतो. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, भेंडीचं पाणी पडतं, मळी वर येते, गूळ करणारा गुळव्या ती काढतो. हे डोळ्यांना दिसत असताना ‘आता मळी काढली जात आहे’ कशाला? चित्रात दिसतं ते प्रत्येक वाक्य खोडा. दिसूच शकत नाही ते ठेवा: ऊस कुठल्या जातीचा, एका आदणाची, म्हणजे काहिलीच्या एका खेपेची, मजुरी किती. मिनिटाला साधारण १२० शब्द धरले तर सगळं निवेदन ६०० शब्दांत, म्हणजे पाच मिनिटांत बसवा.

सर्वांत मोठं नुकसान गोळीच्या प्रसंगात झालंय. पाक झाला का हे पाहायला गुळव्या तो पाण्यात टाकतो, गोळी बोटांत फिरवतो आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तापमान सांगता. बोटांना काय कळतं, ते त्यालाच विचारा. तो गप्प राहिला तर दहा सेकंद तसेच जाऊ द्या.

हा प्रसंग पुन्हा टिपायला जाल तेव्हा प्रश्न कॅमेऱ्याच्या माइकवर सोडू नका. ऊस गाळणाऱ्या चरकाच्या घरघरीत तो बुडतो आणि अर्धवट ऐकू आलेला प्रश्न चूक वाटते. एक कॉलर माइक गुळव्याला, दुसरा तुम्हाला, ट्रॅक वेगळे. चरक थांबल्यावर काहिलीखालच्या नुसत्या चुलवाणाचा आवाज दोन मिनिटं घ्या. निवेदन काढल्यावर पडलेल्या फटी त्यानेच बुजतात. आणि थंडीतल्या पहाटे गार लेन्स थेट वाफेत नेऊ नका, काच धुरकटते. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास गुऱ्हाळात ठेवा, मग बाहेर काढा.