आजीची मांडी, थोरलीचा पट्टा आणि तुळजापूरचा रस्ता

तुमची अडचण अशी दिसते: बाळ १० महिन्यांचं, ९ किलोचं. आई (बाळाची आजी) म्हणतात, "मी मांडीवर घट्ट धरते, गाडीतल्या त्या बालखुर्चीला पैसे कशाला?" थोरली ६ वर्षांची, पट्टा तिच्या गळ्याला काचतो, म्हणून काखेखालून घ्यावा का असं विचारलंय. गाडी जुनी, आयसोफिक्सच्या (बालखुर्ची थेट गाडीला अडकवायच्या) कड्या नाहीत, आणि दर पौर्णिमेला तुळजापूर ठरलेलं. मी सोलापुरात वीस वर्षं टुरिस्टची गाडी चालवतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर हीच माझी फेरी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मांडीचं. माझी भाची दीड वर्षाची होती. मोहोळच्या अलीकडे दिवेलागणीला पुढे उसाची ट्रॉली आली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी कचकन ब्रेक मारला. धडक झालीच नाही. पण पुढच्या सीटवर बायकोच्या मांडीवरची पोर सुटली आणि कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. चार टाके पडले. बायकोच्या मुठीत फ्रॉकची फाटलेली लेस तेवढी राहिली होती. तिने धरलं नव्हतं असं नाही, जीव लावून धरलं होतं. मूल मांडीवर घेऊ दिलं ही चूक माझी, ती मी आजही विसरलेलो नाही.

हिशोब असा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर ९ किलोचं बाळ साधारण सव्वाशे किलोच्या ओढीने पुढे जातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं क्विंटलभराचं पोतं हवेत झेलून धरण्याहून हे जास्त झालं. कुठल्याच आजीच्या हातात, कुणाच्याच हातात तेवढं बळ नसतं. आणि आजीने आपला पट्टा बाळाला मिळून लावला तर आणखी वाईट, कारण तिच्या अंगाचा सगळा भार मधल्या बाळावर येतो.

तेव्हा खुर्ची घ्याच, आणि ती उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. सरळ बसवलं तर धडकेत अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. उलट्या खुर्चीत पाठ, मान, डोकं सगळं एकदम खुर्चीच्या पाठीवर रेलतं. युरोपच्या आर १२९ नियमात १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं बंधन आहे. खुर्चीच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर त्याहून जास्त दिवस ठेवा. पाय दुमडतात म्हणून घाई करू नका, मुलांना त्याने काही होत नाही. खुर्चीवर आर ४४, आर १२९ किंवा आपल्याकडचा एआयएस ०७२ यांपैकी मानकाचा शिक्का बघा. कुणाची वापरलेली मिळत असेल तर ती अपघातातली नाही याची खात्री असेल तरच घ्या. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी खुर्ची कधीही लावायची नाही. ती बॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आयसोफिक्स नाही म्हणून अडून बसू नका, तीन जागी अडकणाऱ्या पट्ट्यानेही खुर्ची नीट बसते. पण खरेदीला गाडी घेऊनच जा आणि तिथेच बसवून बघा. उलट्या खुर्चीला पट्टा जास्त लागतो, जुन्या गाड्यांत तो कधी कधी पुरत नाही. मागच्या मधल्या जागेचा नुसता कमरेचा पट्टा असेल तर ती जागा सोडा. घरी बसवताना एक गुडघा खुर्चीत रोवून सगळा भार द्या आणि पट्टा ओढून घ्या. नंतर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. इंचभराहून जास्त हलली तर परत काढून बसवा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत घडी आली तर तो सैल आहे.

इथे आपली एक खास सवय आडवी येते. मऊ लागावं म्हणून बाळाखाली चादर घडी करून घालतात. आपली सोलापुरी चादर चांगली जाड असते, धडकेत ती दबते आणि घट्ट वाटणारा पट्टा एका क्षणात सैल होतो. चादर घालायचीच तर पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरा. दुसरं, सीट कव्हर. बसवणारी पोरं मागची बकलं कव्हरखाली दाबून टाकतात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत मागचा पट्टा आहे, पण तो अडकवायचं बकलच सापडत नाही. आज रात्रीच हात घालून बघा.

थोरलीचा पट्टा काखेखालून मुळीच घेऊ नका. धडकेत तो बरगड्यांवर आणि पोटावर बसतो, आतल्या यकृताला, प्लीहेला इजा होते. पट्टा हाडावर बसला पाहिजे: खालचा कमरेच्या हाडावर मांडीलगत, वरचा खांद्याच्या मध्यावर. तिला पाठीचा बूस्टर (पाठ असलेली उंच बैठक) घ्या, त्याने ती वर उचलली जाते आणि पट्टा आपोआप जागेवर येतो. पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला वाकायला लागले की बूस्टर सुटतो. साधारण १४५ सेंटीमीटर उंचीला हे जमतं.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालखुर्चीशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही पट्टा लागतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर पट्ट्याविना होते.

उन्हाचं तुम्ही विचारलं नाही, पण मे महिन्यात इथे पट्ट्याचं बकल चटका देतं. गाडी उभी करताना खुर्चीवर पांढरा टॉवेल टाका आणि बसवण्याआधी काढून बकलाला हाताची मागची बाजू लावून बघा.

आईंना बाळाच्या शेजारीच बसवा, त्यांचा पट्टा लावून. उलट्या खुर्चीत बाळाला त्यांचं तोंड दिसत राहतं, याने त्यांचाही विरोध बराच निवळेल. पहिल्या फेरीला बाळ रडणार. माझा धाकटा तुळजापूरच्या वाटेवर उळ्यापर्यंत रडला होता आणि तामलवाडीला झोपला. फारच आकांत केला तर गाडी बाजूला घेऊन थांबा, घ्या, पाजा, परत बसवा. चालत्या गाडीत मात्र बाहेर काढू नका.