सिअ‍ॅटलजवळच्या झाडीतल्या घराचा काँक्रीटचा ड्राइव्हवे नोव्हेंबरात ओतून घ्यावा का?

सिअ‍ॅटलच्या पूर्वेला फर आणि सीडरच्या झाडीत आपण घर घेतले आहे, गॅरेजसमोरचा जुना ड्राइव्हवे तडकला आहे, त्याचा एक तुकडा दीड इंच वर उचलला गेला आहे आणि सगळ्यावर शेवाळ माजले आहे. कंत्राटदार नोव्हेंबरात सवलतीच्या दरात नवा ओतून द्यायला तयार आहे, तर काम आत्ता करावे की उन्हाळ्याची वाट पाहावी, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर थांबावे असे आहे. पुण्यात नऊ वर्षे आणि इकडे वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम भागात चौदा वर्षे घरांच्या पायाची आणि स्लॅबची कामे पाहिल्यावर हे लिहितो आहे. कंत्राटदार आपल्याला फसवत आहे असे मला मुळीच वाटत नाही. हिवाळ्यात त्याची माणसे रिकामी बसतात, म्हणून तो दर कमी करतो, एवढेच. परंतु थंडीचा बंदोबस्त पैसे खर्चून करता येतो, भिजलेल्या जमिनीचा करता येत नाही, आणि आपला ड्राइव्हवे तडकला आहे तो बहुधा जमिनीमुळेच.

आपल्याकडून येणाऱ्या माणसाला इथला पाऊस सुरुवातीला फसवतो. सिअ‍ॅटलला वर्षभरात साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईला त्याच्या दुपटीहून अधिक, त्यामुळे कोकणातला पावसाळा पाहिलेल्या माणसाला ही रिपरिप म्हणजे पाऊसच वाटत नाही. फरक असा की आपल्याकडे पाऊस संपला की ऑक्टोबरचे ऊन आठवड्याभरात जमीन वाळवून टाकते, आणि इथे पाऊस सुरू होतो तोच ऑक्टोबरात, ऊन तिरपे झाल्यावर. झाडीखाली तर एप्रिलपर्यंत जमीन वाळतच नाही. त्यातच सुमारे 17,000 वर्षांपूर्वी या भागावर हिमनदीचा जाड थर होता, सिअ‍ॅटलच्या जागी सुमारे 900 मीटर जाडीचा, आणि त्याच्या वजनाखाली दाबली गेलेली माती आजही दोन-तीन फुटांखाली जवळजवळ दगडासारखी घट्ट सापडते. इथले खोदकामवाले तिला हार्डपॅन म्हणतात. पावसाचे पाणी वरच्या भुसभुशीत थरातून खाली उतरते, या थरावर अडते आणि उताराच्या दिशेने आडवे झिरपत राहते. आपला ड्राइव्हवे त्या वाटेवर असेल तर हिवाळाभर त्याची खालची बाजू ओलीच राहते.

वरचा थर कसला आहे, हे जुना स्लॅब फोडल्यावर दिसते. तीन वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच एका घराचा ड्राइव्हवे काढताना मी उभा होतो. काँक्रीट चार इंच सांगितले होते, निघाले कुठे साडेतीन, कुठे जेमतेम अडीच. त्याखाली खडी नव्हतीच. होती ती काळी, मऊ, चहाच्या चोथ्यासारखी माती, म्हणजे वर्षानुवर्षे पडलेल्या सुया, साली आणि कुजलेले लाकूड. स्लॅबच्या पोटाला चिकटून सीडरचे मनगटाएवढे मूळ दहा-बारा फूट सरळ गेलेले होते, कारण काँक्रीटच्या खालच्या बाजूला ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि मुळाला तेवढेच हवे असते. एका कोपऱ्यात पहार सहज दोन फूट खाली गेली. पूर्वी कधी तरी झाड तोडून त्याचा बुंधा तिथेच पुरला होता, तो कुजला आणि जागा पोकळ झाली. अशा जमिनीवर दुप्पट जाडीचे काँक्रीट ओतले तरी ते तडकणारच.

म्हणून कंत्राटदाराने दिलेला कागद पुन्हा वाचून पाहा. त्यात किती चौरस फूट आणि किती इंच हे लिहिलेले असेलच. काळी माती पूर्ण काढून खालच्या घट्ट मातीपर्यंत जाणार का, त्यावर किती खडी, आणि ती किती थरांत दाबणार, हे लिहिले आहे का? इथे या कामासाठी 5/8 इंचापासून भुकटीपर्यंतची मिश्र खडी मिळते, ती आपल्या चांगल्या मुरुमासारखी बसते. निदान सहा इंच थर, दोन वेळा पसरून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला, असा आग्रह मी धरीन. नोव्हेंबरात हेच बिघडते. भिजलेल्या मातीवर कॉम्पॅक्टर चालवला की ती दबण्याऐवजी लोण्यासारखी हलते, आणि मागे ट्रकची चाके गेली की खडी चिखलात रुतून नाहीशी होते.

मुळांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला एक फूट त्रिज्या, एवढ्या वर्तुळातली मुळे झाडाला महत्त्वाची असतात, असा वृक्षतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे तीस इंची डग्लस फर असेल तर तीस फूट. त्या वर्तुळात एका बाजूची जाड मुळे तोडली तर पुढच्या वादळात ते झाड घरावर येऊ शकते, आणि ओल्या जमिनीत इथली झाडे मुळासकट उपटतात हे आपल्याला पहिल्याच हिवाळ्यात दिसेल. त्यामुळे ड्राइव्हवे झाडापासून सरकवता येतो का, ते आधी पाहा. झाडच काढायचे ठरवले तर अनेक शहरांत परवानगी लागते.

आता थंडीविषयी. भारतीय मानक आय. एस. 7861 चा पहिला भाग उष्ण हवेतील काँक्रीटवर आहे आणि दुसरा थंड हवेतील. पुण्यात असताना तो दुसरा भाग मी एकदाही उघडला नव्हता. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेनुसार, काँक्रीट जपण्याच्या काळात हवा 4 अंश सेल्सिअसच्या खाली गेली किंवा जाण्याचा संभव असला की काळजी घ्यावी लागते. आपल्या ड्राइव्हवेसारख्या पातळ कामाला ओतताना काँक्रीटचे तापमान किमान 13 अंश असावे, आणि सुमारे 500 पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) ताकद येईपर्यंत त्यातले पाणी गोठू देऊ नये. सिअ‍ॅटलला डिसेंबरात दिवसरात्रीचे सरासरी तापमान 5 अंशांच्या आसपास असते. म्हणजे काम अशक्य नाही. ट्रकमध्ये गरम पाणी, क्लोराइड नसलेले गती देणारे रसायन आणि वर उबदार ब्लँकेट, यांवर इथे हिवाळाभर पाये भरले जातात. परंतु पाया मातीखाली झाकला जातो, त्याचा पृष्ठभाग कोणी पाहत नाही. ड्राइव्हवेचा सगळा जीव पृष्ठभागातच असतो.

याचा धडा मला माझ्याच घरी मिळाला. मागच्या दाराच्या पायऱ्या आणि छोटा ओटा मी नोव्हेंबरातच एका ओळखीच्या टोळीकडून करून घेतला. ट्रक दुपारी एकला आला. थंडीत काँक्रीट सावकाश धरते, त्यामुळे वर आलेले पाणी तीन वाजले तरी तसेच होते. विजेरी आडवी धरली की ओटाभर चकाकत होते. साडेचारला अंधार पडतो, मुलांना घरी जायचे होते, फरच्या फांद्यांवरून थेंब पडून बारीक खळगे उठत होते. शेवटी त्यांनी त्या पाण्यावरच रंधा फिरवला, आणि पाणी शोषावे म्हणून मूठमूठ कोरडे सिमेंट भुरभुरले. आपल्याकडे कोब्याची घोटाई करताना हेच करतात, त्यामुळे मीही गप्प बसलो. उलट मला क्षणभर गावची आठवण आली. वरचे पाणी रंध्याने पुन्हा आत दाबले की वरचा थर कमजोर होतो, आणि हिवाळ्यात त्यात मुरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. मार्चमध्ये ओट्यावरून नखाने पोपडे निघू लागले, पापडाएवढे. दोष टोळीचा जितका, तितकाच तो दिवस निवडणाऱ्या माझा.

त्यामुळे उन्हाळ्यात काम करतानाही मिश्रण हिवाळ्याचा विचार करून मागवा. उघड्यावरच्या काँक्रीटला 4000 पीएसआय, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या आत, आणि 5 ते 7 टक्के सूक्ष्म हवा. ही हवा रसायनाने मुद्दाम धरून ठेवलेली असते आणि गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा देते. आपल्याकडे तिची गरज पडत नाही, म्हणून ती मागायचे अनेकांना सुचत नाही. ट्रकसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर हे सगळे छापलेले असते, ती मागून घ्या. पसरणे सोपे जावे म्हणून कोणी ट्रकमध्ये पाइप सोडू लागले तर थांबवा. हवा धरलेल्या काँक्रीटवर लोखंडी थापी घोटू नये, रंधा फिरवून झाडूचा हात द्यावा. शेवाळ येणाऱ्या जागी पाय घसरू नये म्हणूनही तेच बरे. चार इंची स्लॅबला दहा फुटांच्या आत सांधे, एक इंच खोल, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता कापलेले. आणि हवा दमट आहे म्हणून क्युरिंग नको, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कित्येकदा महिनाभर पाऊस पडत नाही. सात दिवस ओले ठेवावे किंवा प्लास्टिकने झाकावे.

ट्रक धुण्याची जागाही आधीच ठरवून घ्या. सिमेंटचे पाणी अत्यंत अल्कधर्मी असते, त्याचा सामू 12 च्या आसपास जातो, आणि रस्त्याकडेच्या गटाराचे पाणी इथे कित्येकदा थेट सामन मासे येणाऱ्या ओढ्यात पोचते. ते गटारात सोडणे बेकायदा आहे.

जुन्या स्लॅबवरचे शेवाळ तोवर ताठ झाडूने घासून काढा. लोहयुक्त शेवाळनाशक काँक्रीटवर गंजाचे डाग पाडते, आणि बर्फ वितळवायला अमोनियमचे खत टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, त्याने काँक्रीट खाल्ले जाते. घसरण टाळायला नुसती वाळू पुरते.

मे-जूनसाठी कंत्राटदाराकडे आत्ताच नाव घाला, कारण वसंतात त्यांच्या तारखा भराभर संपतात. हिवाळ्यात मात्र एक काम आपले आपणच करा. तीन-चार दिवस सलग पाऊस झाला की गमबूट घालून बाहेर जा आणि छपराच्या पन्हाळींचे पाणी कुठे पडते, उतारावरून येणारे कुठे मुरते, ड्राइव्हवेच्या कोणत्या कडेला ते दोन दिवसांनीही झिरपत राहते, याचे फोटो काढून ठेवा. त्या कडेला छिद्रांचा चार इंची पाइप खडीत गुंडाळून आधी पुरावा लागेल, आणि त्याची खरी जागा जुलैच्या कोरड्या मातीत कोणालाच दाखवता येणार नाही.