कंपनीचं पेज पहिल्यांदाच हातात आलंय? आधी एवढंच बघ

अभिनंदन रे! इंदूरात नमकीनवाल्यांचं पेज सांभाळायचं म्हणजे गंमत नाही, शेव जरा नरम निघाली की राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत सगळे कमेंटमध्ये हजर. घाबरू नकोस.

१. तक्रारी डिलीट करू नको. शिवीगाळ असेल तर लपव, पण "पाकीट फाटकं आलं" ही तक्रारच आहे, तिला तिथेच सगळ्यांसमोर उत्तर दे, मग ऑर्डर नंबर, फोन वगैरे इनबॉक्समध्ये माग. उत्तर माहीत नसेल तर "विचारून संध्याकाळपर्यंत सांगतो" लिही आणि खरंच सांग, नवीन पोरं इथेच मार खातात, सगळ्यांना तेच कॉपी-पेस्ट "क्षमस्व" टाकून मोकळी होतात.

२. ऑफिसातल्यांकडून पाच स्टारचे रिव्ह्यू नकोत. लगेच कळतं.

३. फूड ब्लॉगरला पैसे दिले किंवा नुसता फुकट डबा पाठवला, तरी पोस्टवर जाहिरात असल्याचं ठळक लिहायला लाव. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो (मालकाला हा आकडा जरूर सांग, लगेच ऐकतील).

पेड कॅम्पेन, अ‍ॅनालिटिक्स वगैरे सध्या राहू दे. पण चूक झाली तर जाहीर कबूल करायची परवानगी तुला आहे का, ते पहिली पोस्ट टाकायच्या आधी विचारून घे.