घराट: ओढ्यावर फिरणारं जातं

प्रश्न: उत्तराखंडच्या डोंगरांतल्या गावांत ओढ्याकाठी पाण्यावर चालणारे घराट असतात. त्यातला दगड नेमका कसा फिरतो? पीठ बारीक-जाड कसं करतात?

उत्तर: घराट म्हणजे आपलं जातंच, फक्त खुंट्याच्या जागी पाणी. ओढा वरच्या अंगाला अडवून पाणी पाटाने आणतात. तिथे पाटाला गूल म्हणतात. मग ते कोरलेल्या ओंडक्याच्या तीव्र उतारावरच्या पन्हळीत सोडतात. पन्हळ खाली निमुळती असते, म्हणून धार जोरात सुटते आणि जमिनीखालच्या आडव्या चाकाच्या लाकडी पात्यांवर आदळते. चाकाचा उभा दांडा खालच्या तळीच्या (जात्याच्या दगडाच्या) भोकातून वर येऊन वरच्या तळीत अडकवलेला असतो. मध्ये दातेचक्र नाही. चाकाचा एक फेरा तोच दगडाचा फेरा.

जात्यात दाणे घालायला माणूस लागत नाही, हे यातलं खरं कौशल्य. वर टांगलेल्या निमुळत्या टोपलीतून धान्य एका छोट्या पन्हळीत उतरतं. तिला बांधलेली काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड फिरला की काठी खडखडते आणि दाणे पडतात. पाणी कमी झालं, दगड मंदावला, की दाणेही आपोआप कमी पडतात.

दांड्याचं खालचं टोक एका आडव्या तुळईवर टेकलेलं असतं. तुळईचं एक टोक वर उचलून पाचर मारली की दांड्याबरोबर वरची तळी किंचित उचलली जाते: भरड निघते. पाचर सैल केली की पीठ बारीक.

टोपली रिकामी होऊ देऊ नये. दगडावर दगड घासून पिठात कच येते. त्याआधीच फळी घालून धार चाकावरून वळवावी. ओलसर धान्याने तळ्यांवरच्या खाचा बुजतात. झिजलेल्या खाचांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने त्या पुन्हा कोराव्या लागतात, त्यासाठी वरची तळी उलटावी लागते. चाक मंदावलं तर आधी गूल पाहावी, बहुधा पाला-गाळ अडकलेला असतो. पावसाळ्यात मात्र पाणी भरपूर असूनही घराट अडतो, कारण ओढा चढला की चाकाखालचं पाणी निघून जात नाही आणि चाक बुडतं.

प्रश्न: घराटाचं पीठ विजेच्या गिरणीपेक्षा चांगलं का मानतात?

उत्तर: दगड सावकाश फिरतो, तासाला साधारण ५ ते १० किलोच दळण होतं, म्हणून पीठ तापत नाही. पण कोंड्या-अंकुरासकट दळलेलं हे पीठ लवकर खवट होतं. थोडं थोडंच दळून आणावं. दळणावळ पूर्वापार पैशांत नाही, दळणातल्याच वाट्यात देतात.